खानापूर–बेळगाव रोजची ये-जा, आठ महिने: वापरलेली गाडी घेताना ठरवलेला भाव आणि वॉरंटीचा पुढचा अनुभव

मे २०२५ मध्ये आम्ही २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, एकच मालक, मीटरवर ४८,३०० किलोमीटर. आज मीटर ५९,९०० दाखवतंय. मी राहते खानापूरला, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या अकाउंट्समध्ये. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. शिवाय महिन्यातून एकदा माहेरी निपाणीला. गाडी चांगली आहे, ॲव्हरेज बरं देते, सीट आरामशीर आहेत. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते भाव कसा ठरला आणि सोबत मिळालेल्या वॉरंटीच्या कागदाने पुढे काय दिलं त्याबद्दल. कारण आमच्या ओळखीत गेल्या वर्षभरात चार जणांनी जुनी गाडी घेतली आणि चौघांनीही वॉरंटीचा कागद घरी गेल्यावर वाचला.

आपल्या भागात जुनी गाडी बघायला निघालं की तीन वाटा फुटतात. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा. गोव्याची गाडी आम्ही पहिल्यांदा सोडली, खाऱ्या हवेने खालून पत्रा गंजलेला असण्याची भीती. कोल्हापूरला मात्र दोनदा गेलो. तिथं तसलीच गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळत होती, दीर तर टोकन द्यायलाच निघाले होते. पण एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी इथं कायमची आणायची म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथं गाडीच्या वयाप्रमाणे लाइफटाइम टॅक्स, नवा नंबर. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावाच लागतो, तो कायदाच आहे. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळ्या खेपा. मी वहीत मांडून बघितलं तर चाळीस हजारांची बचत शिल्लक राहिनाच. दुसरं म्हणजे त्यांची वॉरंटी कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्येच चालणार. काही बिघडलं तर बेळगावच्या पुढं हत्तरगी आणि कोगनोळी, दोन टोल भरून दिवस घालवून जायचं. अशी वॉरंटी माझ्या उपयोगाची नव्हती.

तिथं बघितलेली एक गाडी विसरता येत नाही. बाहेरून चकचकीत, आतून अत्तराचा वास. आमच्या खानापूरच्या मिस्त्रीमामांना आठशे रुपये देऊन सोबत नेलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढत गेले. रोज जेवढा पट्टा बाहेर येतो तिथवर काळा स्वच्छ, आणि त्याच्या पुढं आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर वाळलेल्या गाळाची तपकिरी रेघ. मग त्यांनी सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर बोट फिरवून गंज दाखवला. "पुरातली हाय, वैनी. चला." २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठाला किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या असणार. कुणी जुनी गाडी बघायला जात असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून बघाच. आठशे रुपयांत मामांनी आमचे पाच लाख वाचवले, असं मी मनापासून मानते.

शेवटी बेळगावातच एका डीलरकडे ही गाडी मिळाली. सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण, मीटरचे आकडे दर सर्व्हिसला चढत गेलेले, पेडलचं रबर किलोमीटरला शोभेल इतकंच झिजलेलं. त्यांनी सांगितले ५,१०,०००. मी ४,६०,००० वर सुरू केलं.

भाव करताना नुसतं "कमी करा की" म्हणून काही होत नाही, गाडीतून कारण काढून पुढं ठेवावं लागतं. टायरच्या कडेला शेवटी चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर १९ होतं. म्हणजे नक्षी शिल्लक दिसली तरी रबर सहा वर्षांचं. बॅटरीही जुनी. विमा महिन्याभरात संपणार होता, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही; म्हणजे माझा प्रीमियम पूर्ण लागणार. हे तिन्ही मी कागदावर रकमेसकट लिहून नेलं होतं. तेव्हा सेल्सवाल्या दादांनी जीएसटी काढला.

"वैनी, जुन्या गाडीवर आता अठरा टक्के झालाय. आमच्या हातात काय उरतंय सांगा बघू."

हे वाक्य बऱ्याच जणांना गप्प करत असेल. पण माझं रोजचं काम तेच आहे. जानेवारी २०२५ पासून दर अठरा टक्के झाला हे खरं, पण तो डीलरच्या मार्जिनवर, पूर्ण किमतीवर नव्हे. त्यांनी गाडी ४,४०,००० ला घेऊन ४,८५,००० ला विकली असं धरलं तर टॅक्स ४५,००० वर, म्हणजे ८,१०० रुपये. आणि मालकाकडून थेट गाडी घेतली तर हा टॅक्स नसतोच. मी त्यांच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. आतून त्यांचे मॅनेजर आले, आधी कन्नडमध्ये "आगंगिल्ल री", म्हणजे जमणार नाही, म्हणाले, मग चहा सांगितला. चहा येईपर्यंत ४,८५,००० झाले होते.

इथून पुढं मी जे केलं ते माझ्या मते या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात फायद्याचं काम. दीर म्हणत होते आणखी आठ-दहा हजार ओढू. मी भाव तिथंच सोडला आणि वॉरंटीचा कागद मागितला. "सहा महिने वॉरंटी आहे की," एवढंच तोपर्यंत ऐकलेलं. कागदावर होतं: सहा महिने किंवा ७,५०० किलोमीटर, जे आधी होईल ते. माझं महिन्याचं रनिंग १,४५०. म्हणजे माझी वॉरंटी सहा महिने नव्हतीच, पाच महिन्यांत संपणार होती. आणि कव्हर काय? "इंजिन आणि गिअरबॉक्सचे अंतर्गत भाग." या एका शब्दाकडे नीट बघा, अंतर्गत. वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर इंजिनला बाहेरून लागलेले असतात, म्हणजे ते यात नाहीत. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, एसी, बॅटरी तर नाहीतच. सहा-सात वर्षांच्या गाडीत इंजिनच्या आतलं सहसा काही जात नाही. जातं ते हेच सगळं बाहेरचं.

मी विचारलं, ही वॉरंटी देतोय कोण? सहा महिन्यांची त्यांची स्वतःची होती. वर्षाची एक वेगळी योजना होती, ती बाहेरची कंपनी देते आणि डीलर फक्त विकतो. हा फरक कळणं फार गरजेचं आहे, कारण बाहेरच्या कंपनीला डीलरने तोंडी दिलेला शब्द लागू होत नाही. त्या योजनेत भागांची यादी होती, नावांसकट, आणि यादीत वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टार्टर, स्टीअरिंग रॅक होते. १५,००० किलोमीटरची मर्यादा होती, थोडे जास्त पैसे भरून १८,००० चीही मिळत होती. माझ्या रनिंगला १५,००० दहा महिन्यांत संपले असते, म्हणून १८,००० वाली मागितली. ठरलं असं की किंमत ४,८५,००० च राहील, योजनेचे पैसे डीलर भरेल, आणि जे योजनेत नाही त्यातलं ब्रेक, सस्पेन्शन आणि व्हील बेअरिंग पहिले ६० दिवस डीलर स्वतः करून देईल. हे त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, गाडीच्या चॅसिस नंबरसकट लिहून घेतलं. लिहून द्यायला त्यांनी पाऊण तास काढला. मी बसून राहिले.

शिवाय २५,००० रुपये आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) माझ्या नावावर होईपर्यंत राखून ठेवले. जुन्या मालकाचं कर्ज फिटलं होतं, पण बँकेचा बोजा आरसीवरून उतरला नव्हता. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आल्याशिवाय ट्रान्सफर पुढं सरकत नाही. ते पैसे अडकले होते म्हणूनच डीलरने मागे लागून पाच आठवड्यांत काम केलं, असं मला वाटतं. विमा मात्र मी स्वतः पहिल्याच आठवड्यात नावावर करायला टाकला. त्याला चौदा दिवसांची मुदत असते आणि ती चुकवली तर अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. एक बारीक गोष्ट राहून गेली. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद केला नव्हता. गणेबैल टोलवर आठवडाभर त्यांच्या खात्यातून पैसे गेले आणि बिचाऱ्यांना फोन करावा लागला. मी लगेच परत पाठवले.

आता वॉरंटीने काय दिलं ते.

४१ व्या दिवशी पुढच्या डाव्या चाकातून घों-घों आवाज सुरू झाला, वेग वाढला की आवाज वाढायचा. व्हील बेअरिंग. डीलरकडे गेले तर उत्तर तयार, "बेअरिंग झिजण्यात येतंय वैनी, ते वॉरंटीत धरत नाहीत." मी लेटरहेड टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, आत जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी काम करून दिलं. एक रुपया लागला नाही. त्या कागदाशिवाय मी भांडत बसले असते आणि शेवटी पैसे भरून आले असते.

ऑगस्टमध्ये खरी परीक्षा झाली. संध्याकाळी घरी परतताना इदलहोंडच्या आसपास, धो-धो पाऊस, आणि डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. घर दहा-पंधरा मिनिटांवर. मन म्हणत होतं हळूहळू जाऊ. पण योजनेच्या कागदात एक वाक्य होतं जे मी पेन्सिलने अधोरेखित करून ठेवलं होतं: इशारा मिळाल्यावरही गाडी चालवत राहिल्याने झालेलं नुकसान कव्हर नाही. कडेला घेतली, इंजिन बंद केलं, लाल दिवा आणि मीटर एकाच फोटोत येईल असा फोटो काढला. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. यांना फोन केला, टोईंगची गाडी आली, २,५०० रुपये गेले. टोईंग योजनेत नव्हतं आणि विम्यात रोडसाइडची जोड मी घेतली नव्हती. या वर्षी घेणार आहे.

वॉटर पंप गळत होता. वर्कशॉपने फोटो काढून कंपनीला पाठवले, मंजुरीला तीन दिवस, पार्ट यायला दोन, मग काम, असे सहा दिवस मी बसने ये-जा केली. बिल झालं ७,८६०. कंपनीने दिले ५,१००. पंप पूर्ण आणि मजुरी त्यांनी ठरवलेल्या दरापर्यंत. कूलंट, गॅस्केट, बेल्ट आणि मजुरीतला फरक धरून २,७६० माझ्याकडून. वॉरंटी म्हणजे फुकट, असं डोक्यात असेल तर इथं राग येतो. मला आला नाही, कारण हे कलम आधी वाचलेलं होतं. पण डीलरच्या सहा महिन्यांच्या साध्या वॉरंटीत हाच पंप अंतर्गत भाग नाही म्हणून पूर्ण माझ्या माथी आला असता. मंजुरी देताना कंपनीने सर्व्हिसची बिलं मागितली, तारखेसकट. एकदा ऑइल बाहेर बदललं असतं आणि बिल नसतं तर क्लेम तिथंच संपला असता. आमचे मिस्त्रीमामा अर्ध्या पैशात ऑइल बदलून देतात, तरी हे वर्षभर मी गाडी त्यांच्याकडे नेली नाही. त्यांना कारण सांगितलं, त्यांनाही पटलं.

ऑक्टोबरमध्ये एसी गार करेना. कंडेन्सरला भोक पडून गॅस गेला होता. एसी योजनेत नाही, साठ दिवस कधीच उलटलेले. ९,४०० रुपये स्वतःचे. इथं माझी चूक झाली. भाव ठरवताना मे महिन्याच्या उन्हात एसी पाच मिनिटं लावून बघितला, गार लागला, समाधान झालं. एसी निदान अर्धा तास चालवून, गॅसचं प्रेशर मोजून बघायला हवं होतं, आणि लेटरहेडवर ब्रेकच्या शेजारी एसी हा एक शब्द लिहून घ्यायला हवा होता. तेव्हा ते लिहून द्यायच्या तयारीत बसलेलेच होते.

टायर चारही जूनमध्ये बदलले, १९,००० च्या आसपास. ते भावातच धरलं होतं. बॅटरी अजून चालतेय.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डीलरने दाद दिली नाही तर ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर दुसऱ्या राज्यातला असला तरी. २०१९ च्या कायद्याने ही सोय केलीय, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. म्हणजे कोल्हापूरहून गाडी घेतलेल्या आपल्या माणसालाही बेळगावातच तक्रार टाकता येईल. पण तिथंही पहिला प्रश्न कागदाचाच येणार.

आता वॉरंटीचे चार महिने आणि ६,४०० किलोमीटर उरलेत. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की हल्ली हलकी टक् येते. मामा म्हणतात अजून काही नाही, चालू दे. पण रॅक यादीत आहे, आणि मे नंतर नसेल. गुरुवारी सुट्टी टाकून गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर चढवणार आहे, आणि ते काही नाही म्हणाले तर तेही जॉबकार्डवर लिहून घेणार आहे.