घरात एकच कॉम्प्युटर असेल तर: क्रोम, फायरफॉक्स की तिसरंच काही?

म्हापसा असो की फोंडा, घरातल्या एकाच कॉम्प्युटरवर जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचा असतो, वीजबिल भरायचं असतं, मुलांचे प्रोजेक्ट असतात. खोली पर्यटकांना देत असाल तर पाहुण्याचा बोर्डिंग पासही तिथेच छापला जातो. आणि हे सगळं बहुधा एकाच विंडोज खात्यातून. अशा घरात कुठला ब्राउझर वेगवान, ही चर्चा मागाहून करावी. आपण उठल्यावर तिथे बसणाऱ्याला काय सापडेल, ते आधी पाहावं.

क्रोम पासवर्ड कुलूपबंद ठेवतो, पण त्याची किल्ली विंडोजच्या खात्याला बांधलेली. पासवर्डांची यादी उघडायला तो विंडोजचा पिन मागतो, साइटवर मात्र सहसा न विचारता भरून मोकळा होतो. मग यादी बघायची गरजच काय! वेगवेगळी प्रोफाइल केली तरी वरच्या चित्रावर क्लिक केलं की दुसऱ्याचं उघडतं.

फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्डची सोय आहे. तो लावला की ब्राउझर उघडल्यावर एकदा विचारल्याशिवाय साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत (म्हणून काम झालं की फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा). पण तो आपणहून लावावा लागतो. नाही लावला तर अवस्था क्रोमपेक्षा वाईट: प्रोफाइलचं फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून नेलं तरी दुसऱ्या मशीनवर पासवर्ड वाचता येतात.

हिस्ट्री आणि कुकीजना (लॉगिन लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) मात्र प्रायमरी पासवर्डचं संरक्षण नाही. मेलमधून लॉगआउट केलं नसेल तर पासवर्डही लागत नाही, ओटीपीही नाही. कुकीच आत घेऊन जाते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२७ ने विंडोजवर कुकीजना जादा कुलूप घातलं, पण ते चोरट्या सॉफ्टवेअरसाठी. तुमच्या खुर्चीत बसलेल्या भाच्याला ते अडवत नाही.

बिटवॉर्डन किंवा कीपास ही पासवर्ड सांभाळणारी वेगळी सॉफ्टवेअर पासवर्डांपुरती दोन्ही ब्राउझरांपेक्षा बरी. कीपासची फाइल आपल्याच मशीनवर राहते, तिची दुसरी प्रत ठेवायलाच हवी. मुख्य पासवर्ड विसरलात तर कीपास उघडून देणारा कोणी नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या गळी हे उतरवणं कठीण, हेही खरं.

माझा कौल असा: आधी प्रत्येकाला वेगळं विंडोज खातं द्या, तेही साधं, ॲडमिनचा अधिकार एकाकडेच, कारण ॲडमिनला इतरांची फोल्डरं उघडता येतात. पाहुण्यांसाठी एक रिकामं खातं. एवढं केलंत तर क्रोमही चालेल. सगळे एकाच खात्यात राहणार असतील, तर प्रायमरी पासवर्ड लावलेला फायरफॉक्स घ्या आणि बंद करताना कुकीज पुसण्याचा पर्याय चालू ठेवा. मशीन दुरुस्तीला देताना दुकानदार विंडोजचा पासवर्ड मागतोच. तो दिला की क्रोममधलं सगळं त्याच्यासमोर उघडं, प्रायमरी पासवर्ड लावलेल्या फायरफॉक्समधले पासवर्ड तरी बंद राहतात.