कमी पडलेलं एक्सपोझर: एमएएस दुप्पट करायचे की केव्हीपी १५ टक्क्यांनी वाढवायचे?

एक्स-रे कमी एक्सपोझरचा आला आणि रिपीट करायचाय. पुस्तकात दोन वाटा दिलेल्या असतात: एमएएस दुप्पट करा, नाहीतर केव्हीपी (ट्यूबला दिलेला कमाल व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) १५ टक्क्यांनी वाढवा. दोन्हीकडून डिटेक्टरवरचं एक्सपोझर साधारण दुप्पट होतं, म्हणून पेपरात दोन्ही उत्तरांना मार्क मिळतात. टेबलावर पेशंट असताना मात्र एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

एमएएस म्हणजे मिलिअँपिअर गुणिले सेकंद. ते दुप्पट केले की ट्यूबमधून निघणारे फोटॉन दुप्पट, त्वचेवर पडणारे दुप्पट, डिटेक्टरवर पोचणारेही दुप्पट. केव्हीपीचा हिशोब वेगळा आहे. ट्यूबचं आउटपुट ढोबळमानाने केव्हीपीच्या वर्गाप्रमाणे वाढतं आणि १.१५ चा वर्ग होतो १.३२. म्हणजे ट्यूबमधून बाहेर पडताना वाढ फक्त ३२ टक्क्यांची. दुपटीतला उरलेला वाटा येतो तो किरण शरीरातून जास्त पार होतात म्हणून. एवढं डोक्यात बसलं की पुढचे फरक पाठ करावे लागत नाहीत.

कमरेच्या मणक्याचा लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे, घेऊ. मशीन १०० एमएचं (मिलिअँपिअरचं). दिलं होतं ८० केव्हीपी आणि ४० एमएएस, म्हणजे वेळ ०.४ सेकंद. पडलं निम्मंच.

| | एमएएस दुप्पट | केव्हीपी १५ टक्के जास्त |
|---|---|---|
| नवे फॅक्टर | ८० केव्हीपी, ८० एमएएस | ९२ केव्हीपी, ४० एमएएस |
| वेळ | ०.८ सेकंद | ०.४ सेकंद |
| त्वचेवरचा डोस | आधीच्या २ पट | आधीच्या सुमारे १.३ पट |
| हीट युनिट (ट्यूब किती तापते त्याचं माप: केव्हीपी × एमएएस), हाय फ्रिक्वेन्सी मशीनसाठी १.४ ने गुणून | ८,९६० | ५,१५२ |
| कॉन्ट्रास्ट | तोच | थोडा उतरतो |

इथे केव्हीपीच वाढवावा. कंबर धरलेला म्हातारा पेशंट कुशीवर पाऊण सेकंद स्थिर राहील याचा भरवसा नाही, आणि हलल्याने आलेलं ब्लर कुठल्याही प्रोसेसिंगने जात नाही. ५०० एमएचं मशीन असेल तर ८० एमएएस ०.१६ सेकंदात संपतात, मग हलण्याची भीती बरीच कमी होते. डोसचा फरक मात्र तसाच राहतो.

मनगटाला उलट. ५० केव्हीपी, २ एमएएसवर स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) फिकं आलं तर २ चे ४ करा. वेळ ०.०२ वरून ०.०४ सेकंद, म्हणजे कोणी हलायच्या आत काम झालं. केव्हीपी ५७.५ करून हाडाची बारीक जाळी आणि केसाएवढी फ्रॅक्चरची रेघ पुसट करण्यात काही मिळकत नाही.

धडाला केव्हीपी, हातापायाला एमएएस, असा नियम बांधायचा मोह होतो. पण आयव्हीपीत, म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध देऊन काढलेल्या किडनीच्या एक्स-रेत, तो फसतो. आयोडीनची के-एज, म्हणजे जिथून ते किरण एकदम जास्त शोषू लागतं ती ऊर्जा, ३३.२ केईव्हीला असते. केव्हीपी ६५ ते ७५ च्या आसपास ठेवला तरच किडनीतलं आयोडीनचं औषध उठून दिसतं. तिथे पोट असूनही एमएएसच वाढवायचे. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नसलेल्या पोर्टेबल मशीनवर जाड पोटाला केव्हीपी चढवला तर स्कॅटरने, म्हणजे त्या विखुरलेल्या किरणांनी, सगळं करडं होतं.

ग्रिड घातली तर दोन्ही मिसळायलाही हरकत नाही. ८:१ ग्रिडचा फॅक्टर साधारण ४ धरतात, म्हणजे ग्रिडशिवायच्या चौपट एक्सपोझर लागतं. एमएएस चौपट करण्याऐवजी ते दुप्पट करा आणि केव्हीपीची १५ टक्क्यांची एक पायरी चढा.

ट्यूब आणि डिटेक्टरमधलं अंतर बदललं की मात्र पर्याय शोधू नका, एमएएसनेच भरपाई करा. १०० सेंमीवर १० एमएएस असतील तर १८० सेंमीवर १० × (१८०/१००)² म्हणजे ३२.४, पॅनेलवर ३२ मिळतात, तेवढे पुरे. इनव्हर्स स्क्वेअरच्या नियमात (तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात) हाच अपूर्णांक उलटा असतो, कारण तिथे आपण तीव्रता किती उरली ते काढतो: ३१ टक्के. पेपरात सर्वांत जास्त मार्क याच उलटापालटीत जातात.

दुसरी चूक १५ टक्क्यांऐवजी १५ केव्हीपी वाढवण्याची. ८० चे १५ टक्के १२ होतात. ‘१० केव्हीपी वाढवा’ हा जुना ठोकताळा ६५ ते ७० च्या आसपासच जुळतो. ५० ला १० म्हणजे २० टक्के, १०० ला जेमतेम १०.

आणि मुळात एक्सपोझर कमी पडलं हे ठरवलं कशावरून? फिल्म फिकी यायची. डिजिटलमध्ये सिस्टिम उजेड स्वतःच सावरते, कमी एक्सपोझर दिसतं ते दाणेदारपणात. म्हणून डीआय, म्हणजे डेव्हिएशन इंडेक्स बघा: १० × लॉग (मिळालेला ईआय ÷ टार्गेट ईआय). ईआय म्हणजे एक्सपोझर इंडेक्स, डिटेक्टरला किती एक्सपोझर मिळालं त्याचा आकडा. टार्गेट ४०० आणि मिळाले २०० तर डीआय −३, म्हणजे नेमकं निम्मं; तेव्हाच वरची दुप्पट लागू होते. −१ म्हणजे २० टक्के कमी, तेवढ्यासाठी पेशंटला पुन्हा एक्सपोझर देऊ नये. मेनूत चुकीचा अवयव निवडला असेल किंवा कॉलिमेशनची (किरणांचं क्षेत्र आवळल्याची) कड सॉफ्टवेअरला सापडली नसेल तर डीआय खोटा येतो. फॅक्टरला हात लावायच्या आधी ते दोन्ही तपासा.