पत्रा उचलायला काय घ्यावं: क्लॅम्प, मॅग्नेट की व्हॅक्यूम?

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून आलेला पत्र्यांचा गठ्ठा नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या गाळ्यात उतरतो आणि तिथून एकेक पत्रा लेझरच्या किंवा शिअरिंगच्या (पत्रा कातरायच्या) टेबलावर न्यायचा असतो. वर जिब क्रेन (फिरत्या आडव्या हाताची) नाहीतर चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आहेच, हुकाला काय लावायचं ते ठरवायचं. विकणारा आधी टनेज, म्हणजे किती टन उचलायचं ते विचारतो. तुम्ही आधी बघा पत्रा किती जाड आहे, तेलकट आहे की खडबडीत, आणि आडवा जाणार की उभा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलाद ७.८५ किलो भरतं. म्हणजे ८ बाय ४ फुटी पत्रा दर मिलिमीटरला साधारण २३.४ किलो. ३ मिमीचा ७० किलो, १० मिमीचा २३४. टनाची गरज इथे क्वचितच पडते, आणि खरेदी चुकते ती याच टनाच्या हौसेपायी.

उभ्या प्लेट क्लॅम्पचंच बघा. त्याचा जबडा भारानेच आवळतो. भार हलका असला तर दात रुतत नाहीत. म्हणून बऱ्याच क्लॅम्पना किमान भार दिलेला असतो, बहुधा क्षमतेच्या १० ते २० टक्के. एक टनी क्लॅम्पला ७० किलोचा पत्रा लावला तर पकड कच्चीच राहणार. एका जबड्यात दोन पत्रे घालू नयेत, कारण दात बाहेरच्या बाजूंना लागतात आणि मधल्या दोन गुळगुळीत बाजू एकमेकींवरून सरकतात. दातांचे व्रण उठतात ते वेगळंच, पावडर कोटिंगच्या कामात ते चालत नाहीत. आडव्या उचलीला क्लॅम्प जोडीने लागतात. पातळ पत्रा मधे झोळीसारखा लोंबला की कड जबड्यातून निसटते, तेव्हा स्प्रेडर बीम (क्लॅम्प लांब अंतरावर टांगणारा आडवा दांडा) हवाच. जाड प्लेट उभी करायची असेल तर मात्र क्लॅम्पसारखं दुसरं साधन नाही.

हातानं फिरवायचा पर्मनंट मॅग्नेट स्वस्त आहे आणि त्याला वीज लागत नाही. पातळ पत्र्याच्या गाळ्यात सर्वात जास्त चुकीची खरेदी याचीच होते. पाटीवरचा आकडा जाड, सपाट, स्वच्छ प्लेटसाठी असतो. पत्रा पातळ असेल तर चुंबकीय प्रवाह त्यात मावत नाही, क्षमता झपाट्याने उतरते, आणि उरलेला प्रवाह खालच्या पत्र्यालाही ओढतो. तो दुसरा पत्रा थोडा वर येऊन सुटतो, बहुधा हेल्परच्या पायावर. शिवाय पातळ पत्रा वाकतो, कडेने सोलल्यासारखा सुटत जातो. गंजाचा पापुद्रा, रंग, मधला कागद अशा कशानेही फट पडली की पकड घटते. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम तर तो धरतच नाही. १० मिमीच्या पुढच्या साफ एमएस (साध्या सौम्य पोलादाच्या) प्लेटला तो उत्तम, पण जाडीनुसार क्षमतेचा तक्ता हातात आल्याशिवाय घेऊ नका.

१ ते ६ मिमीचं सीआर (थंड रोल केलेलं), जीपी (जस्त चढवलेलं), स्टेनलेस आडवं उचलायचं असेल तर आमचं मत सरळ व्हॅक्यूमला, म्हणजे हवा ओढून रबरी कपांनी पत्रा धरणाऱ्या साधनाला. ०.६ बार निर्वातात (बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ बार कमी दाब) १५० मिमी व्यासाचा एक कप सैद्धांतिक १०८ किलो ओढतो. चार कपांचे झाले ४३२, सुरक्षेसाठी निम्मे धरा, तरी २१६. म्हणजे ७० किलोच्या पत्र्याला भरपूर. पण तोच पत्रा उभा केला की सगळा भार घर्षणावर येतो. तेलकट पृष्ठभागाचं घर्षण ०.२ धरलं तर सुरक्षेचं निम्मं न धरताही चार कप मिळून जेमतेम ८६ किलो पेलतील. टिल्टिंगवालं (पत्रा आडव्याचा उभा करणारं) यंत्र हवं असेल तर विक्रेत्याकडून उभ्या अवस्थेची क्षमता वेगळी लिहून घ्या.

चेकर्ड (उठावाच्या नक्षीची) प्लेट आणि भोकं पाडलेला पत्रा यांना साधे कप बसत नाहीत, हवा गळते. पावसाळ्यात इकडची दमट हवा आणि ओला गठ्ठा यांनी पत्रे एकमेकांना चिकटतात. व्हॅक्यूमने वरचा उचलला की खालचाही लटकत येतो. पोलादाच्या गठ्ठ्याला बाजूने सेपरेटर मॅग्नेट लावला की वरचे पत्रे एकमेकांपासून फाकतात. नाहीतर आधी कोपरा सोडवून घ्यावा. वीज गेली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा परत आत येऊ न देणारी झडप) आणि निर्वाताची राखीव टाकी भार थोडा वेळ धरतात. तेवढ्यात तो खाली ठेवायचा. म्हणून निर्वात कमी झाल्याचा भोंगा बॅटरीवर वाजणारा घ्या, नाहीतर वीज गेल्यावर तोही गप्प.

साधन कोणतंही असो, पत्रा वीतभर उचलून थांबावं, मग न्यावा. दिशा दोरीनं द्यावी, हातानं कड धरून नाही. कडेशी काम असलेल्याला सुती हातमोजे पुरत नाहीत. ईएन ३८८ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाप्रमाणे कटची (काप रोखण्याची) पातळी निदान सी, आणि मनगटाच्या वर स्लीव्ह. मात्र फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे काढूनच जावं.

उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांत किमान एकदा तपासणी, ही अट कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ पासून चालत आलेली आहे. क्लॅम्पच्या दातांची आणि कपांच्या रबराची झीज मात्र वर्षभर थांबत नाही, ती रोज शिफ्टच्या आधी पाहावी. कडक झालेला किंवा ओठ फाटलेला कप लगेच बदलावा. यंत्राबरोबरच एक जादा संच मागून घ्या.