भाचा घरी आलाय: 2250 की 4000?

गावाकडच्या एका मामींचा गेल्या वर्षी फोन आला. नणंद आजारपणात गेली, तिचा नवरा आधीच वारलेला. नऊ वर्षांचा मुलगा दप्तर आणि दोन पिशव्या घेऊन मामींकडे राहायला आला. तो त्यांना मामी म्हणतो, म्हणून आता मीही मामीच म्हणते. त्यांनी विचारलं, "दुसऱ्याचं पोर सांभाळलं की सरकार महिन्याला चार हजार देतं म्हणे. मग आम्हाला मिळतील का?"

हा प्रश्न मला बऱ्याच घरांतून ऐकू येतो. त्यात तीन योजना एकमेकींत मिसळलेल्या असतात: बालसंगोपन, प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व, म्हणजे ज्याला कचेरीत सगळे फॉस्टर केअर म्हणतात. त्यातली कुठली आपली, हे रकमेवरून ठरवायला गेलं की चुकतं. मूल आपल्या नात्यातलं आहे का आणि आज ते कुठं राहतं, हे आधी बघायचं.

फॉस्टर केअरचं आधी सांगते, कारण चार हजारांचा आकडा लोकांच्या कानावर इथूनच आलेला असतो. 2015 च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम 44 खाली, बाल कल्याण समितीच्या (निराधार मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) ताब्यातलं मूल काही काळासाठी अशा कुटुंबाकडे सोपवलं जातं, जे त्याचे आईवडील नाहीत. ही मुलं बहुधा बालगृहात वाढत असतात. वय सहाच्या पुढं, भेटायला कुणी येत नाही, किंवा आईवडील आहेत पण सांभाळण्याच्या स्थितीत नाहीत. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून दर मुलामागे महिना 4000 रुपये मिळतात. ते मुलाच्या खाण्यापिण्यासाठी, शाळेसाठी, औषधपाण्यासाठी असतात. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. अविवाहित, विधवा, घटस्फोटित कुणीही चालतं, वय मात्र किमान 35 हवं. एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. घराची चौकशी कसून होते, आणि मूल आल्यावर समितीनं दर महिन्याला पाहणी करावी असं कायदाच सांगतो. मुलाचे आईवडील असतील तर ते भेटायला येऊ शकतात. घरची परिस्थिती सुधारली तर मूल परतही जाऊ शकतं. मनात "हे कायमचं आपलं" असं धरून बसलेल्या जोडप्याला हे फार जड जातं. त्यांनी सरळ दत्तकासाठी नाव नोंदवावं. तिथं दरमहा पैसे मिळत नाहीत, पण नातं कायमचं होतं. फॉस्टर केअरमधलं मूल दोन वर्षांनी दत्तक घेण्याची वाटही आता आहे (पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं). पण त्यासाठी मूल दत्तक द्यायला कायद्यानं मोकळं व्हावं लागतं.

मामींच्या घरी हे लागू नव्हतं. भाचा रक्ताच्या नात्यातला, आणि आधीपासून त्यांच्याच घरी. अशा घरासाठी दोन वाटा उरतात.

एक, प्रायोजकत्व. हेही मिशन वात्सल्यमधलंच आणि रक्कमही तीच, महिना 4000. विधवा किंवा टाकून दिलेल्या आईचं मूल, दुर्धर आजारानं ग्रासलेल्या पालकांचं मूल आणि नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल, या सगळ्यांना ते मिळू शकतं. अडतं ते उत्पन्नाच्या अटीवर. ग्रामीण भागात वर्षाला 72,000, शहरात 96,000. म्हणजे खेड्यात महिन्याला सहा हजार. नवराबायको दोघं हंगामात मजुरीला गेले तरी आकडा त्यावर जातो. ही मर्यादा मला मुळीच पटत नाही. पोरक्या मुलाला घरात घेणारं कुटुंब आठ हजार कमावतं म्हणून श्रीमंत होत नाही.

दोन, राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी एका विधवेचा मुलगा यशवंत पोटच्या पोरासारखा वाढवला, त्यामुळे हे नाव मला अगदी योग्य वाटतं. इथं 2023 पासून दर मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात, आधी 1100 होते. अनाथ, एकपालक, पालक तुरुंगात असलेली, गंभीर आजाराची झळ बसलेली अशी अठरा वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे सगळ्यात रुळलेली वाट हीच आहे.

दोन्हींतला फरक महिन्याला 1750, वर्षाला 21,000. वह्या, गणवेश, एसटीचा पास आणि दोनचार दवाखाने त्यात बसतात, म्हणून हा फरक मी किरकोळ म्हणणार नाही. उत्पन्नाचा दाखला मर्यादेत बसत असेल तर आधी प्रायोजकत्वाचं विचारा. बसत नसेल तर त्यासाठी महिने घालवू नका, बालसंगोपनचा अर्ज लगेच टाका. एकाच मुलासाठी दोन्ही रकमा धरून मात्र हिशेब मांडू नका.

कागद दोन्हीकडे साधारण सारखेच: आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. बालसंगोपनला घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला फोटोही लागतो. मामींनी त्या दिवशी भाच्याला इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, आणि शेजारच्या पोरानं मोबाईलवर फोटो काढला. त्यात पोरगा मामींचा पदर मुठीत धरून उभा आहे.

घोळ झाला तो नावाचा. आधारवर आडनाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं. एका अक्षरापायी अर्ज परत आला आणि दुरुस्तीत सात आठवडे गेले. तेव्हा अर्ज लिहायला बसण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. मुलाचं बँक खातंही आत्ताच उघडा आणि आधारशी जोडून घ्या.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. घरी चौकशीला माणूस येतो, मग मुलाला घेऊन बाल कल्याण समितीसमोर जायचं. तिथं मुलाशी बोलतात, त्याला इथं राहायचंय का हे त्यालाच विचारतात. आदल्या रात्री त्याला हे सांगून ठेवा, नाहीतर आपल्याला इथंच ठेवून जातायत की काय, असं वाटून पोर घाबरतं. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे येतील असं धरून उधारी करू नका. हप्ते थांबतात आणि मग साठून येतात.

मामींचा उत्पन्नाचा दाखला 84,000 चा निघाला, त्यामुळे त्यांनी बालसंगोपनचा अर्ज केला. पहिली रक्कम आली तेव्हा आधी शाळेच्या गाडीचं तुंबलेलं भाडं दिलं, आणि उरलेल्यात भाच्याला चष्मा घेतला. दोन वर्षं तो फळ्यावरचं शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेत होता, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.