व्हिएन्नाची १४ नंबर खुर्ची, अकरा महिन्यांनी: खुर्ची पास, नट नापास

मागच्या पायाचा एक नट गळून पडला आणि टेकलं की खुर्ची करकरायला लागली, म्हणून हा हिशेब. १४ नंबर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. इराण्याकडे चहा प्यायला असाल तर याच घराण्यातल्या खुर्चीवर बसला असाल. वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा भाग, १० स्क्रू, २ नट. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचं १८५९ पासूनचं गणित हेच. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, त्यावर तो धंदा जगभर पसरला.

घेतली व्हिएन्नातल्या नाशमार्क्टच्या शनिवारच्या जुन्या बाजारात. तिथे प्रत्येक वाकडी खुर्ची 'ओरिजिनल थोनेट'च असते. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि याकोब अँड योझेफ कोनसारख्यांनी हाच माल बिनदिक्कत काढला. खुर्ची उलटी करा, सीटच्या कड्याच्या आतून टॉर्च फिरवा. भाजून उठवलेला शिक्का किंवा लेबलाचा तुकडा सापडतो. ही कोन कंपनीची निघाली, आणि तेवढ्यावर भाव १२० वरून ८५ युरोवर आला. तक्रार नाही.

काळा रंग नवा दिसला तर सावध. वाकवताना बाहेरच्या बाजूचं लाकूड ताणलं जातं, म्हणून कारखान्यात तिथे पोलादी पट्टी आवळून मगच वाकवत. तडा जातो तो तिथेच, आणि नवा रंग तो झाकतो. वळणाच्या बाहेरून नख फिरवा, रेषा उठलेली लागते. किड्यांच्या बारीक भोकांतून ताजं पीठ पडत असेल तर चालू लागा.

आता नट. बाकीचे स्क्रू लाकडात रुततात. मागची कमान आणि सीट यांना धरणारे दोन बोल्ट मात्र आरपार जातात, आणि माणूस रेलला की सगळा जोर त्यांच्यावर. माझ्या खुर्चीचे बोल्ट पाव इंची, ६.३५ मिमी, इंचाला २० आटे. एक नट हरवला असणार, तिथे विकणाऱ्याने एम ६ चा, म्हणजे ६ मिमीचा मेट्रिक नट पान्याने रेटून चढवला होता. एम ६ ला आटे १ मिमीवर, याला १.२७ वर. तो फेराभर जातो, अडतो, आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. खरं तर तेवढ्यात आटे सोललेले असतात. फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, जुन्या वस्तूत जुनेपणा असणारच. अहो, खुर्चीत नवा होता तो नटच!

इलाज ठाण्यात पाच मिनिटांत झाला. हार्डवेअरवाल्याकडे 'दोन सुती नट आणि मोठा वॉशर' मागायचं; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सुती म्हणजे पाव इंची. वॉशर रुंदच घ्या, नाहीतर नट बीचमध्ये घुसतो. किंमत इतकी किरकोळ की विकणाऱ्यावरचा माझा राग दुप्पट झाला.

इथपर्यंत मार्चमध्ये लिहिलं होतं, आणि पुढे 'महिन्यातून एकदा नट आवळा' असा सल्ला होता. तो मागे घेतो. बीच पावसाळ्यात चांगलंच फुगतं. आवळलेल्या नटाखाली फुगायला जागा नसते, तंतू चिरडतात, आणि ऑक्टोबरात लाकूड आकसलं की आधीपेक्षा जास्त ढिलाई. म्हणजे जूनमध्ये पाव फेरा सैल, डिसेंबरात पुन्हा हाताने घट्ट अधिक पाव फेरा. मधे हात लावायचा नाही. सांध्यात फेव्हिकॉल तर अजिबात नको; पुन्हा खोलायची वेळ येतेच.

वेताच्या विणीची धास्ती होती, ती फुकट. सप्टेंबरात सीट खोलगट झाली तेव्हा उलटी करून खालून गरम पाण्याचं ओलं फडकं अर्धा तास ठेवलं, रात्रभर वाळू दिली. सकाळी ताठ. पाणी खालूनच द्यायचं, वरची चकचकीत बाजू ते पीत नाही. फाटलीच तर आपल्याकडे हे काम करणारे कारागीर आहेत, त्यात कितीतरी अंध विणकर, आणि वीण हातची सफाईदार. मात्र कड्याला आरपार भोकं असलेली खुर्चीच घ्या. खाचेत दाबून बसवलेली तयार जाळी असली तर पूर्ण जाळीच बदलावी लागते.

विमानात आणताना मागची कमान पायांसकट एकसंध, ती सुटत नाही, अडचण तीच. उंची नव्वदच्या वर, त्यात रुंदी आणि मागच्या पायांचा बाक मिळवला की चेक-इन सामानाची १५८ सेंमीची (तिन्ही मापांची बेरीज) मर्यादा हमखास ओलांडते. जादा आकाराचे पैसे आधीच धरा. दोन घेतल्या तर कमानी एकात एक बसतात, खर्च तोच. खोलताना स्क्रू ज्या भोकाचा त्याच भोकाशेजारी चिकटपट्टीने लावा. हलत नसेल तर स्क्रूच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, आणि खाचेच्या पूर्ण रुंदीचाच पेचकस वापरा.

आणि इथून निघताना दोन सुती नट खिशात टाका, चारेक तरी.