योनीमार्गाचा पीएच घरी तपासणारी पट्टी: कुठे कामाची, कुठे फसवी

अंगावरून पांढरं जायला लागलं, वास यायला लागला की बऱ्याचजणी बुरशीचं क्रीम लावतात, नाहीतर मागच्या कोर्समधल्या उरलेल्या गोळ्या घेतात. ही घाई थांबवायला ही पट्टी खरंच उपयोगी आहे. त्यापुढे मात्र तिच्यावर विसंबू नका.

पट्टी फक्त आम्लता, म्हणजे पीएच, मोजते; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून पाळी येण्याच्या वयात पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडल्यावर, हे जिवाणू घटतात, गार्डनरेलासारखे दुसरे जिवाणू माजतात आणि आकडा 4.5 च्या वर जातो. बुरशीत तो बहुधा वाढत नाही. त्यामुळे खाज, दह्यासारखा स्राव आणि पीएच 4 असेल तर अँटिबायोटिकने फायदा नाही. उलट बुरशी बळावू शकते.

घेताना पाकिटावरचा रंगतक्ता बघा. 1 ते 14 ची साधी पट्टी नको. तिच्यावर 4.4 आणि 4.7 वेगळे ओळखू येत नाहीत, आणि सगळा निकाल तर तिथेच लागतो.

हात धुऊन कोरडे करा. स्वॅब दोन-तीन सेंटिमीटर आत, बाजूच्या भिंतीला टेकवा. फार आत गेला तर गर्भाशयमुखाचा स्राव लागतो आणि आकडा उगाच चढतो. रंग पट्टी ओली असतानाच, पाकिटावर दिलेल्या वेळेत आणि चांगल्या उजेडात जुळवा. पाळी सुरू असताना किंवा संबंधानंतर दोन दिवस तपासू नका, कारण रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वाढवतात. रजोनिवृत्तीनंतर तो मुळातच जास्त असतो, तिथे या पट्टीचा भरवसा नाही.

खरा धोका पुढे आहे. आकडा 5.5 आला म्हणून लगेच मेट्रोनिडॅझोल (बॅक्टेरियल व्हजायनोसिसवरचं अँटिबायोटिक) सुरू करणं चूक. ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या परजीवीच्या संसर्गातही पीएच वाढतो, आणि ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या संसर्गातही. ई. कोलायवर मेट्रोनिडॅझोल चालत नाही. नेमकं काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं: बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर पेशींच्या कडा जिवाणूंनी झाकून पुसट झालेल्या दिसतात, त्यांना क्लू सेल म्हणतात.

बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं निदान पक्कं झाल्यावर मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस, हा नेहमीचा कोर्स. वास तिसऱ्या दिवशी गेला तरी तो पुरा करायचा. गार्डनरेला भिंतीवर चिवट थर धरतो, त्यात औषध नीट शिरत नाही आणि तग धरलेले जिवाणू पुन्हा वाढतात. वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना त्रास परत होतो, तो यामुळेही. पण दर वेळी दोष रेझिस्टन्सचा, म्हणजे जिवाणू औषधाला दाद न देण्याचा, नसतो. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पुरुष जोडीदारालाही औषध दिल्यावर बारा आठवड्यांत त्रास परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 वर आलं. हे पाकिटावर छापायला हवं, खरंच.

गरोदरपण, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर पट्टी बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जा. त्रास परत परत होत असेल तर पीएचचा आकडा, तारीख, आधी कोणतं औषध किती दिवस घेतलं आणि मध्येच सोडलं का, हे कागदावर लिहून सोबत न्या.