आमची कॅम्परव्हॅन आणि गोव्याची खारी हवा - वापरानंतरचा अनुभव

गेल्या चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) गाडी हातात आली आणि आता पुढची चवथ तोंडावर आलीय, म्हणजे थंडी, मे महिना आणि पाऊस तिन्ही बघून झालं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आम्ही दोघंच, मी आणि नवरा, राहायला फोंड्याला. शॉर्ट टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आतलं सगळं एका बॉडी बिल्डरकडून, म्हणजे गाड्यांची बॉडी बांधणाऱ्याकडून, करून घेतलं, बेड, ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी, सोलर. घ्यायच्या आधी मी खूप रिव्ह्यू वाचले पण ते बहुतेक लडाख-स्पितीचे नाहीतर परदेशातले, हीटर कसा चालला, पाणी गोठलं का वगैरे. आपल्या किनाऱ्यावर प्रश्न वेगळे आहेत. रात्री आत हवा खेळते का आणि खाऱ्या हवेत काय काय टिकतं, हे दोन प्रश्न सुटले तर गाडी चांगली, बाकी फर्निचरचा रंग आणि लाइटिंग नंतर बघा.

आधी कागदपत्रांचं सांगते कारण तिथेच बरेच जण अडकतात. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 असं वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे काम करून आरसीवर तशी नोंद होईल अशाच माणसाकडे गाडी द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघणार.

आता हवा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते या गाडीत रोज उपयोगी पडतं. दिवसा जमीन तापते म्हणून वारा समुद्रावरून आत येतो आणि रात्री जमीन आधी थंड होते म्हणून तो उलटा, डोंगराकडून समुद्राकडे जातो. आम्ही गाडी लावताना आता हेच बघतो, रात्रीसाठी स्लायडिंग दरवाजा पूर्वेला, मागची जाळीची खिडकी उघडी आणि छतावरचा फॅन हवा बाहेर फेकेल असा लावायचा, म्हणजे जमिनीकडचा गार वारा दरवाजातून आत ओढला जातो. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर अक्षरशः गोधडी घ्यावी लागते. गाडी उलटी लावली तर तीच गाडी, तोच फॅन आणि रात्रभर घामाघूम. मे महिन्यात मात्र हा वारा जवळजवळ नसतोच, तेव्हा किनाऱ्यालगत झोपण्यात अर्थ नाही, आम्ही सरळ आत काणकोण-सांगे बाजूला जातो, झाडी असते आणि पहाटे हवा बरी असते.

एसीबद्दल सगळे विचारतात. बॅटरी 12.8 व्होल्ट 200 अँपिअर अवरची लिथियम आहे, म्हणजे भरलेली असली तर साधारण अडीच युनिट. छोटा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, मग हिशेब तुम्हीच करा, दोन-सव्वादोन तासांत बॅटरी झोपली आणि फ्रीजमधलं दूध गेलं. म्हणून एसी फक्त कुणाच्या अंगणात प्लग मिळाला तरच. फॅनला रात्रभरात पाव युनिटही लागत नाही. 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज थंडीत दिवसाला अर्धा युनिट खातो, मेमध्ये पाऊण. छतावर 400 वॉटची पॅनेल आहेत, स्वच्छ ऊन असेल तर दिवसाला दीड युनिट मिळतं, पण गोव्यात उन्हात गाडी लावली तर आतला ओटा हात लावू देत नाही आणि सावलीत लावली तर सोलर शून्याच्या जवळ. सावली म्हणजे सुद्धा माडाची नाही हं, माडाखाली गाडी लावायचीच नाही, एक नारळ पॅनेलवर पडला की संपलं, झावळीनंसुद्धा काच जाते. आंबा, फणस किंवा सुरूची झाडं बघायची. त्यामुळे सोलरपेक्षा मला डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना बॅटरी भरणारा) जास्त कामाचा वाटला, 30 अँपिअरचा आहे, गाडी तासभर चालली की पाऊण युनिटच्या निम्मं तरी भरतं, आणि फिरायला निघालोय म्हटल्यावर रोज तास-दोन तास गाडी चालतेच. पावसाळ्यात तर तोच एक आधार होता.

झोपायचं कुठे हा दुसरा मोठा विषय. व्हिडिओत दाखवतात तशी वाळूत गाडी घालून मागचा दरवाजा उघडला की समोर समुद्र, हे इथे करू नका. बीचवर गाडी नेणं हा गुन्हा आहे, आणि 2019 मध्ये पर्यटन स्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून उघड्यावर स्वयंपाक आणि दारू पिणं यालाही दंड आहे. आणि कायदा सोडा, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आपल्या गाडीच्या एलईडीनं पिल्लांची दिशा चुकते आणि ती समुद्राऐवजी रस्त्याकडे सरकतात. मला याचं फार वाटतं. ती वाळू आपल्या आधीपासून त्यांची आहे. आम्ही या गावांत संध्याकाळी चालत किनाऱ्यावर जातो, गाडी आत गावात असते, बाहेरचे दिवे बंद आणि समुद्राच्या बाजूचे पडदे ओढलेले.

मग राहतो कुठे, तर विचारून. एखाद्या घरासमोर मोकळी जागा दिसली की जाऊन सरळ विचारायचं, "काकी, रात्रीपुरती गाडी लावू का, सकाळी जातो, विजेचे आणि पाण्याचे पैसे देऊ." मराठी-कोंकणी बोललं की निम्मं काम होतं हे खरं आहे पण त्याहून जास्त गाडीत बाई आहे हे बघून लोक हो म्हणतात. आगोंदजवळच्या एका घरात तर आता आम्ही कायमचेच झालोय, मी जाताना घरचं मिस्कुट (कैरीचं लोणचं) नेते आणि त्या काकी आम्हाला नारळ देतात. मोठ्या देवळांच्या अग्रशाळांतही (भक्तनिवासांतही) समितीला विचारलं तर बऱ्याचदा आवारात गाडी लावू देतात, न्हाणीघराची सोय होते, फक्त तिथे मासळी शिजवायची नाही एवढं भान ठेवायचं. सकाळी सायकलवरून पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों आला की उंडे (गोल पाव) घ्यायचे, चहा गाडीतच.

स्वयंपाक मी गॅसवर करते, इंडक्शन नाही, कारण वरचा विजेचा हिशेब. पाच किलोचा सिलिंडर खालच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक करून घेतलंय, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो, त्यामुळे वरच्या खिडकीवर विसंबू नका आणि गॅस डिटेक्टरसुद्धा जमिनीलगत लावा. उकड्या तांदळाची पेज, भाजी, कढी, आमटी हे उत्तम होतं. बांगडे तळणं मात्र आत नाही, पडदे-गाद्यांना तो वास चार दिवस धरून राहतो, मासळी खायची तर खानावळीत.

दक्षिणेकडची बाजू आमची सगळ्यात आवडती. बेतूलला साळ नदी समुद्राला मिळते तिथून काबो द राम म्हणजे आपला खोलगड आणि पुढे आगोंद, हा रस्ता सारखा वर-खाली, मध्येच जांभ्याचा उघडा सडा आणि खाली कडा तुटून समुद्र. टाकी भरलेली असेल तर 80 किलो पाणीच होतं, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढायचं आणि उतारावर त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. खोलगड पोर्तुगीजांनी 1763 मध्ये सौंदेकर राजांकडून घेतला, आतलं चर्च आजही चालू आहे आणि तटावरून दक्षिणेचा किनारा बघत तासन्‌तास बसावंसं वाटतं. आम्ही दुपारचं जेवण गाडीत करून, थोडं पडून, ऊन उतरल्यावर किल्ल्यात जातो, आणि हाच या गाडीचा खरा फायदा आहे, हॉटेलच्या चेक-आउटच्या तालावर पळावं लागत नाही. उन्हाळ्यात गेलात तर खोला गावची लाल मिरची घ्या, जीआय मानांकन मिळालेली तीच. घाई असेल तर करमल घाटातून हायवे आहे आणि काणकोणचा बायपास 2019 पासून सुरू झाल्यामुळे तळपण-गालजीबागच्या नद्या चटकन पार होतात, पण मग किनारा दिसत नाही.

आता गंज. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू सगळं स्टेनलेस म्हणून सांगितलं होतं. त्यात 304 ग्रेडच्या वस्तूंवर पावसाआधीच तांबूस ठिपके आले, आणि ड्रॉवरचे साधे स्क्रू तर गंजून फुगले. नवऱ्यानं एकेक करून 316 चे बसवले, ते अजून चकचकीत आहेत. प्लायवुड मात्र आम्ही आयएस 710 चा मरीन ग्रेडच हवा म्हणून हट्ट धरला होता, तो कुठेही फुगला नाही. किनाऱ्यावरून घरी आलं की गोड्या पाण्यानं खालून गाडी धुणं सक्तीचं, बॅटरीच्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली, आणि पावसाआधी अंडरबॉडी कोटिंग. गादीखाली फळ्यांमध्ये फटी असायलाच हव्यात, आमच्याकडे आधी सपाट प्लाय होता आणि जूनमध्ये गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी धरली. त्या बॉडी बिल्डरनं फॅनभोवती साधं सिलिकॉन मारलं होतं, पहिल्याच जोराच्या पावसात ते सुटलं आणि रात्री पाणी थेट पांघरुणावर. फोन केला तर "पाऊस गेल्यावर आणा" हे उत्तर! पावसाळी गळतीला पाऊस गेल्यावर काय करणार? शेवटी सगळं खरवडून ब्युटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट लावलं, त्यानंतर थेंब नाही. पण एवढे पैसे मोजल्यावर हे आम्हाला करावं लागलं याचा राग अजून आहे.

पाणी दोघांना जपून दोन दिवस पुरतं, आंघोळ बाहेर. टॉयलेट 20 लिटरच्या कॅसेटचं (काढून रिकामी करायची टाकी), रिकामं फक्त सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, शेतात किंवा खाडीत अजिबात नाही.

उत्तरेला केरीहून तेरेखोलला फेरीबोटीनं जायला मला फार आवडतं, पण सुकती (ओहोटी) असली की धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि आपल्या गाडीची शेपटी लांब असल्यामुळे मागचा बंपर घासतो. भरतीची वेळ बघून जा, नाहीतर किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून वळसा घाला. गावातल्या गल्ल्यांत उंचीकडे लक्ष ठेवा, पॅनेलसकट आमची गाडी नऊ फुटांच्या वर जाते आणि आंब्याच्या फांद्या, केबलच्या वायरी बरोबर तिथेच असतात, मी उतरून पुढे चालते आणि नवरा हळूहळू आणतो.

चवथ झाली की पुढच्या बाजूला दुसरा छोटा फॅन बसवायचा आहे, हवा आत ओढणारा, म्हणजे मतलई वारा नसतानाही ओढ राहील. मग तेरेखोलवरून रेडी, शिरोडा, वेंगुर्ला करत मालवणपर्यंत.